इम्पोर्टमध्ये दिसणारा एरर बहुतेक वेळा आधीच कुठेतरी जन्मलेला असतो

प्रश्न थोडक्यात असा: "सर, मी रबाळ्याला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एका पतसंस्थेचा ऑरॅकल डेटाबेस ११.२.०.४ वरून १९सी वर न्यायचा आहे. ठाण्याच्या मुख्य शाखेतून डम्प (एक्स्पोर्टने बनवलेली डेटाची फाइल) पेन ड्राइव्हवर आला. आधी ओरा-३९००२ हा एरर आला. तो कसाबसा घालवला, तर ओरा-३१६१९. डम्प परत मागवला. आता इम्पोर्ट चालतो, पण लॉगमध्ये दोनशेच्या वर एरर आहेत. १२८९९, ०२२९८, ३१६८४, सगळी खिचडी. एकदा अडकला म्हणून कंट्रोल-सी करून पुन्हा चालवला. साहेब म्हणतात, एरर येतातच, डेटा आला ना. सुरुवात कुठून करू?"

साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओरा-३१६८४ म्हणजे "ही वस्तू आधीपासून आहे". युजर तू हाताने बनवून ठेवला होतास, इम्पोर्टनेही बनवायला घेतला आणि तो अडखळला. यात काही बिघडलेलं नाही. पण त्याच लॉगमध्ये १२८९९ आहे, म्हणजे काही खातेदार नव्या डेटाबेसमध्ये पोचलेलेच नाहीत. दोन्ही ओळींची सुरुवात "ओरा" अशीच होते आणि शेवटी दोघांची बेरीज एकाच आकड्यात होते. तेव्हा तो दोनशेचा आकडा विसर. लॉग पहिल्या ओळीपासून वाच आणि प्रत्येक एररला एकच प्रश्न विचार: हा इथे झाला, की इथे नुसता दिसला? वीसेक वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डेटाबेस हलवत आलोय. माझ्या अनुभवात इम्पोर्टच्या लॉगमधले निम्म्याहून जास्त खरे एरर एक्स्पोर्टच्या वेळी, प्रवासात किंवा सोर्स, म्हणजे जुन्या, डेटाबेसमध्ये झालेले असतात. म्हणून तुझ्या लक्षणांचा क्रम घेऊन मागे मागे जाऊ.

पहिला ३९००२. हा एरर स्वतः काहीच सांगत नाही, "इनव्हॅलिड ऑपरेशन" म्हणतो आणि गप्प बसतो. खरी गोष्ट त्याच्या खालच्या ओळींत असते. ३९०७० म्हणजे लॉग फाइल उघडता आली नाही, २९२८३ म्हणजे फाइलवरची क्रिया जमली नाही, ३९०८७ म्हणजे डिरेक्टरीचं नावच चुकलं. डेटा पंप, म्हणजे ऑरॅकलचं एक्स्पोर्ट-इम्पोर्टचं हत्यार (एक्स्पडीपी आणि इम्पडीपी), सर्व्हरवर चालतो, तू ज्या मशीनवर बसून इम्पडीपी टाइप करतोस तिथे नाही, हे नव्या मुलांच्या पटकन लक्षात येत नाही. जुना एक्स्प आणि इम्प (त्याआधीची हत्यारं) फाइल क्लायंटवर, म्हणजे समोरच्या मशीनवर, लिहायचे आणि वाचायचे, ती सवय अजून लोकांच्या बोटांत आहे. डिरेक्टरी ऑब्जेक्टमधला (डेटाबेसला फोल्डर कुठे आहे ते सांगणारी नोंद) रस्ता डेटाबेस सर्व्हरवर असायला हवा, त्यावर ऑरॅकलच्या ऑपरेटिंग सिस्टीम युजरला लिहिण्याची मुभा हवी आणि तुझ्या डेटाबेस युजरला त्या ऑब्जेक्टवर रीड आणि राइट दोन्ही हवं. ११ वरून १९ वर जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक खाच आहे. १८सी पासून डिरेक्टरीच्या रस्त्यात सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) चालत नाही. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चाललेली मांडणी नव्यावर जशीच्या तशी उतरवली, परवानग्या सगळ्या दिल्या, तरी २९२८३ येतच राहतो. शेवटी माणूस वैतागून सगळ्या फोल्डरला सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, मारतो. तू "कसाबसा घालवला" म्हणतोस, तेव्हा तूही तेच केलं असावंस असा माझा अंदाज. केलं असशील तर आधी ते परत घे. त्या फोल्डरमध्ये लोकांच्या ठेवींचे आकडे पडलेत.

३१६१९ म्हणजे "ही डम्प फाइलच नव्हे". तू लिहिलंस की डम्प पेन ड्राइव्हवर आला, आणि तिथेच मी थांबलो. बाजारात मिळणारे बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट-३२ वर फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. कॉपी करताना विंडोज तक्रार करतं, पण शाखेतल्या माणसाने मध्येच थांबलेली अर्धी फाइल तशीच पाठवली तर तुला काय कळणार? फाइलचा आकार ४ जीबीच्या अगदी टोकाला असेल तर उत्तर मिळालंच. दुसरी शक्यता, कुणीतरी एफटीपीने ॲस्की मोडमध्ये हलवली. मग मधले काही बाइट बदलतात, आकार जवळपास तोच दिसतो आणि डम्पचा खुळखुळा होतो. यापुढे एक शिस्त लाव. डम्पसोबत त्याचं चेकसम, म्हणजे फाइलच्या बाइटवरून निघणारी ओळखखूण, मागव. लिनक्सवर शा-२५६-समने, विंडोजवर सर्टयुटिलच्या हॅशफाइलने निघतं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एक्स्पोर्ट करतानाच फाइलसाइज ३ जीबी देऊन, डम्पफाइलच्या नावात टक्का-यू (तुकड्यांना आपोआप क्रमांक देणारी खूण) घालून तुकडे पाड. टक्का-यू विसरलास तर पहिला तुकडा भरला की ३९०९५ येतो, डम्पची जागा संपली म्हणून.

फाइल धड असूनही उघडत नसेल, तर ती कुठल्या हत्याराने बनली ते विचार. जुन्या एक्स्पचा डम्प इम्पडीपीला चालत नाही आणि डेटा पंपचा डम्प जुन्या इम्पला चालत नाही. पहिल्या प्रकारात ३९१४३ येतो, दुसऱ्यात बहुधा आयएमपी-०००१० किंवा ००४०१. डेटा पंप १०जी पासून आहे, पण शाखांमध्ये रात्री चालणाऱ्या जुन्या बॅच फाइल अजूनही एक्स्पच चालवतात आणि त्यांना हात लावायला कुणी धजत नाही.

या जुन्या एक्स्पचा एक किस्सा सांगतो, कारण तुझा ग्राहकही त्याच जातकुळीतला आहे. महाप्याच्या एका सर्व्हर रूममध्ये नोव्हेंबरात आम्ही एक स्थलांतर केलं. इम्पोर्टमध्ये एकही एरर नाही, सगळे खूश. ३१ मार्चला रात्री वर्षअखेरीची प्रक्रिया चालवली आणि ॲप्लिकेशन म्हणालं, टेबल अस्तित्वात नाही. ११जी रिलीज टू च्या एंटरप्राइज एडिशनमध्ये रिकाम्या टेबलाला पहिली ओळ येईपर्यंत जागाच दिली जात नाही, आणि ज्याला जागा नाही ते टेबल जुना एक्स्प उचलत नाही. वर्षअखेरीची टेबलं नोव्हेंबरात रिकामी होती, ती आलीच नाहीत. लॉग स्वच्छ होता, कारण जे घेतलंच नाही त्याबद्दल तो काय बोलणार! तेव्हापासून लॉग कितीही गोड बोलला, तरी मी दोन्ही बाजूंना ऑब्जेक्ट मोजल्याशिवाय घरी जात नाही.

आता १२८९९ कडे येतो. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी नावं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी भेटतो आणि इंग्रजी डेटावर वाढलेल्या लोकांची उत्तरं इथे अपुरी पडतात.

तुझ्या लॉगमध्ये हा तिहेरी येत असणार. आधी ०२३७४, टेबल भरताना रूपांतरात चूक. मग १२८९९, अमुक कॉलमला किंमत मोठी झाली, प्रत्यक्ष इतकी आणि मर्यादा इतकी. मग ०२३७२, त्या ओळीचा डेटा हेक्समध्ये. हा एरर टेबल पाडत नाही, फक्त ती ओळ गाळतो. म्हणून टेबलापुढच्या ओळीत "आउट ऑफ" हे दोन शब्द शोध. "९,९६१ आउट ऑफ १०,००० रोज" (रोज म्हणजे ओळी) असं असेल तर ३९ सभासद रस्त्यातच उतरलेत. साहेबांना हीच ओळ दाखव. "डेटा आला ना" याचं उत्तर तिथेच आहे.

कारण असं. सोर्सचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बाइटने साठवायचं त्याचा तक्ता, बहुधा डब्ल्यूई८एमएसविन१२५२ असेल, ज्यात एक अक्षर एक बाइट. टार्गेटचा, म्हणजे नव्या डेटाबेसचा, एएल३२यूटीएफ८ असेल. १९सी चा नवा डेटाबेस बनवताना तोच पुढे येतो आणि तोच घ्यायला हवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट खातो, आणि घटक म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. "ठाणे" वाचताना दोन अक्षरं, पण साठवताना ठ, काना, ण, मात्रा असे चार घटक, म्हणजे १२ बाइट. "नवी मुंबई" मधली मोकळी जागा धरून २५ बाइट. गावाच्या नावाला २० बाइटचा कॉलम असेल तर आपली नवी मुंबई त्यात मावत नाही!

इथे बहुतेक जण टार्गेटवर एनएलएस लेंग्थ सिमँटिक्स (कॉलमची लांबी कशात मोजायची ती सेटिंग) बाइटऐवजी कॅर, म्हणजे घटकांत, करून मोकळे होतात आणि पुन्हा इम्पोर्ट चालवतात. तो एरर पुन्हा येतो. कारण डम्पमधली टेबलाची व्याख्या "३० बाइट" असं स्पष्ट लिहून येते, त्यामुळे टार्गेटचं डिफॉल्ट विचारातच घेतलं जात नाही. करायचं ते असं: पहिल्या फेरीत कंटेंट मेटाडेटा ओन्ली देऊन फक्त सांगाडा आण, पण इंडेक्स, कन्स्ट्रेंट, ट्रिगर एक्सक्लूड कर. मग डिक्शनरीतून (डेटाबेसमधल्या वस्तूंची त्याचीच यादी) बाइटवाले कॉलम काढून ते कॅर करणारी स्क्रिप्ट बनव आणि चालव. मग कंटेंट डेटा ओन्ली. शेवटी वगळलेल्या गोष्टी. वेळ लागतो, पण ओळ गळत नाही. एवढं लक्षात ठेव की कॅर केलं तरी व्हारकॅर२ ची ४००० बाइटची कमाल मर्यादा, डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ती मुद्दाम वाढवलेली नसेल तर, कायमच असते. म्हणजे ४००० कॅर लिहिलेल्या शेऱ्याच्या कॉलममध्ये देवनागरीचे फार तर १,३३३ घटक बसतील.

पण थांब. हे सगळं सोर्समध्ये खरी युनिकोड मराठी असेल तर. आणि विंडोज-१२५२ मध्ये देवनागरी असूच शकत नाही. मग इतकी वर्षं शाखेत मराठी नावं दिसत कशी होती? जुन्या फॉन्टमुळे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचे मराठी फॉन्ट रोमन आणि ॲक्सेंटवाल्या अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे. डेटाबेसच्या दृष्टीने तिथे फ्रेंच दिसणारी अर्थहीन अक्षरं साठवलेली आहेत. फॉन्ट लावला की "पाटील", काढला की कचरा. इम्पोर्ट त्या अक्षरांचं इमानेइतबारे यूटीएफ-८ करतो. १२७ च्या पुढची अक्षरं दोन-तीन बाइटची होतात, म्हणून १२८९९ इथेही येतो, पण ती मराठी होत नाहीत. त्यातही विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. हेक्समध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. जुन्या फॉन्टने त्या वापरल्या असतील तर त्या ठिकाणची अक्षरं रूपांतरात कायमची जातात, उलटी आणता येत नाहीत.

हे तपासायला सोर्सवर डम्प नावाचं एसक्यूएल फंक्शन आहे (डम्प फाइलशी याचा संबंध नाही, नावांची गंमत). कॉलमचं नाव आणि १०१६ दिलंस की ते कॅरॅक्टर सेट आणि प्रत्येक बाइट हेक्समध्ये दाखवतं. खरी युनिकोड देवनागरी असेल तर दर तीन बाइटमागे ई०, ए४ किंवा ई०, ए५ अशी सुरुवात दिसते. "ठ" म्हणजे ई०, ए४, ए०. तसं दिसलं आणि वर कॅरॅक्टर सेट मात्र १२५२ लिहिला असेल, तर कुणीतरी यूटीएफ-८ चे बाइट चुकीच्या लेबलाखाली भरलेत आणि सरळ इम्पोर्टने त्यांचं दुहेरी रूपांतर होऊन वाट लागेल. काही दुसरंच दिसलं तर जुना फॉन्ट. दोन्ही प्रकारांत इम्पोर्टचं पॅरामीटर बदलून काही होणार नाही. फॉन्टच्या डेटासाठी आधी मूळ बाइट रॉ कॉलममध्ये जपून ठेव, मग फॉन्टनुसार बदलणारा प्रोग्राम लिहा, आणि तो शाखेतल्या त्या नावांची ओळख असलेल्या कारकुनासमोर बसून तपासा. रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी असे प्रोग्राम हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी टंकलेखनासारखी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. चुकीच्या लेबलाच्या प्रकारासाठी ऑरॅकलचं डीएमयू हे हत्यार आहे. कुठला डेटा कशा अवस्थेत आहे ते ते आधी तपासून सांगतं.

याच संदर्भात जुन्या एक्स्पबद्दल एक. त्याच्या लॉगमध्ये ईएक्सपी-०००९१ दिसला, "क्वेश्चनेबल स्टॅटिस्टिक्स", तर लोक स्टॅटिस्टिक्स नन लिहून तो बंद करतात. तो बहुधा क्लायंटचं एनएलएस लँग (क्लायंटची भाषा आणि कॅरॅक्टर सेट सांगणारी सेटिंग) आणि डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट जुळत नाही म्हणून वाजतो. म्हणजे डम्पमधली नावं आधीच प्रश्नचिन्हं झालेली असू शकतात. घंटा बंद करण्याआधी ती का वाजतेय ते बघावं. डेटा पंपला क्लायंटच्या एनएलएस लँगशी घेणंदेणं नसतं, तो डेटाबेसच्याच कॅरॅक्टर सेटमध्ये लिहितो. जुनं सोडून नवं वापरायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

०२२९८ ला मी पतसंस्थेचा एरर म्हणतो. फॉरिन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) लावताना तो म्हणतो, मुलं आहेत पण आईबाप सापडत नाहीत. तुला वाटेल इम्पोर्टने काही ओळी गाळल्या. १२८९९ ने सभासदच गळाले असतील तर ते खरंही असेल, म्हणून तो आधी सोडव. तरीही ०२२९८ उरला तर शाखेत विचार, एक्स्पोर्ट किती वाजता घेतला. काउंटर चालू असताना घेतला असणार. डेटा पंप प्रत्येक टेबल त्या टेबलाच्या वेळेपुरतं सुसंगत घेतो, सगळी टेबलं मिळून एका क्षणाची नसतात. दोन वाजून पाच मिनिटांनी सभासदांचं टेबल लिहून झालं. दोन बाराला एका बाईंनी नवं खातं उघडून पाचशे रुपये भरले. दोन वीसला व्यवहारांचं टेबल निघालं. त्या पाचशे रुपयांची नोंद डम्पमध्ये आली, बाई आल्या नाहीत. याचा उपाय इम्पोर्टमध्ये नाहीच. फॉरिन की नोव्हॅलिडेट करून, म्हणजे आधीच्या ओळी न तपासता, लावणारे लोक मी पाहिलेत. त्याने एरर जातो आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा) जुळत नाही.

एक्स्पोर्ट परत घ्यावा लागेल, फ्लॅशबॅक टाइमला सिसटाइमस्टॅम्प देऊन. ११.२ मध्ये जुन्या सवयीने कन्सिस्टंट वाय लिहिलंस तरी एक्स्पडीपी त्याचं तेच करून घेतो. फक्त मग सगळी टेबलं सुरुवातीच्या क्षणासारखी दाखवायला अनडू, म्हणजे बदलाआधीचा जपलेला डेटा, टिकला पाहिजे, नाहीतर ०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड. अनडू रिटेन्शनचं डिफॉल्ट ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. तुझा एक्स्पोर्ट त्याहून जास्त चालत असेल तर ते वाढव आणि अनडू टेबलस्पेसला तेवढी जागाही दे. जागा नसेल तर तो आकडा नुसती इच्छा ठरते.

पतसंस्थेत सह्यांचे नमुने आणि फोटो बहुधा लॉब (मोठा डेटा साठवणाऱ्या) कॉलममध्ये असतात. ०१५५५ आला आणि त्यात रोलबॅक सेगमेंटचं नाव रिकामं असेल, सोबत २२९२४ असेल, तर अनडू वाढवून उपयोग नाही. लॉबच्या जुन्या आवृत्त्या अनडूत नसतात, त्या लॉबच्याच जागेत राहतात आणि त्यांची मुदत वेगळी ठरते. जुन्या बेसिकफाइल लॉबवर अनडू रिटेन्शन बदलल्यानंतर टेबल ऑल्टर करून लॉबचा रिटेन्शन पुन्हा लावावा लागतो. आणि रात्री, कुणीही काम करत नसताना, त्याच टेबलावर तोच एरर परत आला तर ते लॉब खराब झालंय असं समज. रोआयडीने (ओळीचा डेटाबेसमधला पत्ता) एकेक ओळ वाचणारा छोटा पीएल-एसक्यूएल लूप लिही, जिथे फुटेल तो रोआयडी नोंदव, क्वेरी पॅरामीटरने त्या ओळी वगळ आणि शाखेला त्या सभासदांच्या सह्या नव्याने स्कॅन करायला सांग. क्वेरी पॅरामीटर कमांड लाइनवर लिहू नकोस, अवतरणचिन्हांचा शेलशी असा काही गोंधळ होतो की बोलायची सोय नाही. पारफाइल (पॅरामीटर लिहून ठेवलेली फाइल) वापर. पासवर्डही कमांड लाइनवर नको, तिथून तो दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडू शकतो.

आता तू केलेला कंट्रोल-सी. त्याने जॉब थांबत नाही. इम्पडीपीमध्ये कंट्रोल-सी मारलं की तू फक्त बोलण्याच्या खिडकीत येतोस, काम सर्व्हरवर चालूच असतं. टर्मिनल बंद केलं, लॅपटॉप घेऊन घणसोलीहून लोकल पकडली, तरी चालूच. म्हणजे तू दुसरा जॉब सुरू केलास तेव्हा पहिला बहुधा जिवंत होता आणि दोघं एकाच स्कीमात (एका युजरच्या टेबलांच्या संचात) भरत होते. तुझ्या लॉगमधले निम्मे ३१६८४ आणि ३९१५१ (टेबल आधीच आहे म्हणून सोडलं) त्यातून आले असतील. टेबल एक्झिस्ट्स ॲक्शन डिफॉल्टला ठेवलं असशील तर बरं, दुसऱ्याने आधीची टेबलं सोडून दिली असतील. अपेंड दिलं असशील तर जिथे प्रायमरी की नव्हती तिथे ओळी दुप्पट झाल्यात. व्याजाच्या टेबलावर हे झालं तर खातेदारांना आनंद होईल, लेखापरीक्षकांना नाही.

डीबीए डेटापंप जॉब्ज हा व्ह्यू बघ. जॉब एक्झिक्यूटिंग असेल तर इम्पडीपी अटॅचने त्याला जोडून घे आणि स्टेटस विचार. तो कुठल्या ऑब्जेक्टवर आहे ते सांगतो. "अडकला" म्हणजे बहुतेक वेळा जागा संपली असते. ३९१७१ असेल तर तो टेबलस्पेसमध्ये जागा मिळायची वाट बघत थांबलाय. डेटाफाइल वाढवलीस की आपोआप पुढे जातो, मारायची गरज नव्हती. लॉगमध्ये काहीच नसेल तर अलर्ट लॉग उघड. ००२५७ असेल तर आर्काइव्ह लॉगची (बदलांच्या नोंदींच्या जपलेल्या प्रती) जागा भरलीय आणि सगळा डेटाबेसच श्वास रोखून उभा आहे. इम्पोर्टपुरतं ट्रान्सफॉर्ममध्ये डिसेबल आर्काइव्ह लॉगिंग देता येतं, १२सी पासून, पण डेटाबेस फोर्स लॉगिंगमध्ये असेल तर त्याचा परिणाम शून्य, आणि दिलंस तर नंतर लगेच आरमॅनने (ऑरॅकलचं बॅकअपचं हत्यार) बॅकअप घ्यायचा. जॉब नॉट रनिंग दिसत असेल आणि तुला तो नको असेल, तर त्याचं मास्टर टेबल, सिस इम्पोर्ट स्कीमा ०१ अशा नावाचं, ड्रॉप कर. खात्री झाल्यावरच. चालू जॉबचं ते टेबल उडवलंस तर त्याचा कणाच काढलास.

पॅरलल आणि कॉम्प्रेशनचा मोह होईल. पतसंस्थेकडे स्टँडर्ड एडिशन असेल तर पॅरललला ३९०९४ येईल. डेटाच्या कॉम्प्रेशनला तर एंटरप्राइजवरही वेगळं लायसन्स लागतं. लायसन्सच्या ऑडिटमध्ये ते सापडलं की तुझ्या कंपनीला पतसंस्थेकडेच कर्ज मागावं लागेल.

उरलेले किरकोळ: ३९०८३ सोबत ०१९१७ म्हणजे ज्याला ग्रँट (परवानगी) द्यायचा तो युजर टार्गेटवर नाही, तो आधी बनव. पॅकेज इनव्हॅलिड असतील तर सिसच्या (डेटाबेसच्या मुख्य युजरच्या) ऑब्जेक्टवरचे ग्रँट तपास, ते डम्पमध्ये येतच नाहीत. सोर्सच्या डिक्शनरीतून त्यांची स्क्रिप्ट काढून चालव, मग यूटीएलआरपी (इनव्हॅलिड कोड पुन्हा कंपाइल करणारी स्क्रिप्ट). रीमॅप स्कीमा (दुसऱ्या नावाच्या स्कीमात आणणं) करत असशील तर कोडमध्ये हाताने लिहिलेलं जुनं स्कीमाचं नाव तसंच राहतं. उद्या कुणी १९सी चा डम्प परत ११ वर मागितला तर एक्स्पोर्टच्या वेळी व्हर्जन ११.२ द्यावं लागेल, नाहीतर ३९१४२ आणि डम्पमध्ये ५.१ हा आकडा. आणि सोर्सची टाइम झोन फाइल टार्गेटपेक्षा नवी असेल तर ३९४०५. तुझ्या दिशेने तो सहसा येणार नाही.

म्हणून आत्ताचा स्कीमा टाकून दे. त्यात दोन जॉबांची भेसळ आहे, दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. या शनिवारी शाखेची दिवसअखेर झाल्यावर, काउंटर बंद असताना, फ्लॅशबॅक टाइम लावून एक्स्पडीपी चालवा, ३ जीबीचे तुकडे, चेकसम, आणि लॉग फाइल डम्पसोबत. लॉगशिवाय आलेला डम्प मी घेतच नाही. त्याआधी शुक्रवारपर्यंत सोर्सवर नावांचे बाइट तपासून ठेव, कारण जुना फॉन्ट निघाला तर हा शनिवार पुरणार नाही आणि ग्राहकाला ते आधी कळलेलं बरं. टार्गेटवर इम्पोर्टआधी एकदा सिक्वेलफाइल पॅरामीटर देऊन चालव. ते काहीही न करता फक्त सगळ्या व्याख्या मजकुरात लिहून देतं. ती फाइल चहा घेत वाच, अर्धे एरर तिथेच दिसतील. चालवताना मेट्रिक्स वाय आणि लॉगटाइम ऑल दे, म्हणजे कुठे किती वेळ गेला ते कळेल.

रविवारी दोन्हीकडे ऑब्जेक्ट प्रकारानुसार मोज, टेबलनिहाय ओळी मोज, आणि मग ॲप्लिकेशनमधून शनिवारच्या तारखेची तेरीज दोन्ही डेटाबेसवर काढ. जमा आणि नावे पैशापर्यंत जुळले तर सोमवारी काउंटर नव्यावर उघडा. जुळले नाहीत तर जुनाच चालू ठेवा, आणि मला दोन्ही तेरजा, एक्स्पोर्टचा लॉग आणि एका नावाचे बाइट पाठव.